दर दहावं घर

कैलास मालपोटे गप्पांना बसला की माले गावच्या फाट्यावरच्या चहावाल्याचं दूध संपायचं, पण कैलासचं बोलणं काही संपायचं नाही. आवाज तर असा, की त्याच्या घरात आज कुठली भाजी झालीय ते पलीकडच्या खाचरात भात लावणाऱ्या बायांनाही कळावं. वय पन्नाशीच्या पुढे, अंग भरलेलं, डोक्यावर कुठल्याशा कंपनीची विटलेली टोपी. हिंजवडीला कंपनीची बस चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं ते काम एकाएकी सोडलं. का सोडलं म्हणून विचारलं की सांगायचा, "त्या ट्रॅफिकमधी मानूस येडा व्हतो." हिंजवडीचं ट्रॅफिक ज्यानं एकदा पाहिलंय त्याला याहून वेगळं कारण लागत नाही, म्हणून पुढे कुणी खोदून विचारलं नाही. आता तो घरची थोडी भातशेती बघायचा, एक म्हैस सांभाळायचा आणि जुनी जीप भाड्यानं द्यायचा. जीप म्हणजे सोबत स्वतःही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातानं चालू व्हायला तयार नसे.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, आणि एका सकाळी दिशा नावाची मुलगी त्याच्या दारात आली. तिशीतली, पुण्याच्या एका संस्थेत कामाला. संस्थेकडे एक काम आलं होतं. तालुक्यातल्या अपंग माणसांसाठी तपासणी, व्यायाम, कुबड्या, कानाची मशीनं अशा सोयी सुरू करायच्या होत्या. पण केंद्र एक काढायचं की तीन, ते तालुक्याच्या गावी पौडला ठेवायचं की आत खेड्यांकडे, तिथे हाडांचा माणूस लागेल की कानाचा, हे ठरवायचं तर आधी अशी माणसं किती आणि कुठे आहेत याचा अंदाज हवा. सरकारदरबारी आकडा होता तो अपंगत्वाचा दाखला काढलेल्यांचा. ज्यांनी दाखलाच काढला नाही त्यांचं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून घरोघर जाऊन विचारायचं होतं, आणि त्यासाठी महिनाभर जीप हवी होती.

कैलासला हे ऐकून तिची दयाच आली. एवढ्याशा गोष्टीसाठी महिनाभर डिझेल जाळायचं म्हणजे काय. त्यानं तिला ओसरीवर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं, "आमच्या गावात म्हनाल तर सातजन हायेत. आठवा हुता, तो गेला. घ्या लिवून." मग पोलिओनं पाय गेलेल्या पिठाच्या गिरणीवाल्यापासून ते भजनात पखवाज वाजवणाऱ्या अंध बुवांपर्यंत सातही जणांची ओळख त्यानं बसल्या बसल्या करून दिली.

दिशानं सगळं नीट ऐकून घेतलं, पण लिहून काही घेतलं नाही. ती म्हणाली, "काका, हे तुम्हाला दिसलेले सात झाले."

दिसण्यापलीकडे आणखी काय असायचं, हे कैलासला कळेना. पण जीपचं भाडं ठरलं होतं, तेव्हा त्यानं तो विषय सोडून दिला.

पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला दुसरंच कोडं पडलं. दिशाबरोबर घरोघर विचारायला आलेली संस्थेची मुलं सगळ्या घरांत जातच नव्हती. नकाशावर खूण केलेल्या गावात शिरायचं, एका घरापासून सुरुवात करायची आणि मग दर दहावं घर घ्यायचं. मधली नऊ सोडून द्यायची. अशानं तालुक्याचा हिशोब कसा लागणार, असं त्यानं एकदा चहाला थांबले असताना विचारलं. दिशा टक्केवारी समजावू लागली. कैलास थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डेअरीत नाही का, कॅनभर दूध असतं, पण फॅट लावताना चमचाभरच काढतात, तसंच हे. दिशाला उपमा फार आवडली. पण तिनं एक गोष्ट वर जोडली. डेअरीवाला आधी कॅन ढवळतो. न ढवळता वरवरचं घेतलं तर नुसती सायच हाताला लागायची. म्हणून आपल्यालाही सोयीची घरं निवडता येत नाहीत. डोंगरावरची वाडी, पौडची बाजारपेठ, हिंजवडीचे टॉवर, सगळीकडचं आलं पाहिजे, आणि कुठलं घर हे आपण ठरवायचं नाही. त्या दिवसापासून कैलास घरी सांगून निघायचा, "चाललो फॅट काढाय." त्याची बायको लीलाबाई मान हलवायची.

दुसऱ्या आठवड्यात दिशाबरोबरच्या मुलांपैकी एकाला हिंजवडीत नोकरी लागली आणि तो हे काम सोडून गेला. जागा रिकामी झाली. कैलास स्वतःहून म्हणाला, मी करतो की. माणसांशी बोलायचंच तर काम आहे, आणि बोलण्यात मला हरवील असा माणूस अख्ख्या मुळशी खोऱ्यात नाही. दिशाला हसू आलं, पण अडचण खरीच होती. तिनं एक दुपारभर समाजमंदिरात बसवून त्याला शिकवलं. फोनवर प्रश्न यायचे आणि उत्तरांवर बोट टेकवायचं, एवढंच. पण नियम दोन होते आणि दोन्ही कडक होते. पहिला, अपंग किंवा दिव्यांग हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दुसरा, प्रश्न जसे लिहिलेत तसेच, घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वाचायचे. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? मशीन लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला, पायऱ्या चढायला? गोष्टी लक्षात राहायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला सांगायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? आणि प्रत्येकाला उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, बराच, किंवा जमतच नाही.

कैलासला हा सगळा पोरखेळ वाटला. ज्या घरात आपलं नेहमीचं येणं-जाणं आहे, तिथे अंघोळ करता येते का म्हणून काय विचारायचं?

पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला मालेच्या वरची वाडी आली. जीप निम्म्यापर्यंतच जायची, पुढे पायवाट. कैलास सकाळी चढला आणि जेवणाच्या वेळेआधी सगळी नेमलेली घरं उरकून खाली उतरलासुद्धा. दिशाला त्यानं मोठ्या अभिमानानं फोन दिला. दिशानं बघितलं तर प्रत्येक प्रश्नापुढे प्रत्येक माणसाला 'अजिबात नाही'. वर फोन असंही सांगत होता की प्रश्न सुरू होऊन संपेपर्यंत फार तर चहा फुंकण्याइतका वेळ गेलाय.

तिनं विचारल्यावर कैलासनं काही लपवलं नाही. दारातून हाक मारायची, 'घरात कुनी अपंग न्हाई ना' म्हणायचं, 'न्हाई' म्हणाले की पुढचं घर. एके ठिकाणी तेवढा चहा झाला. ओळखीची माणसं, खोटं कशाला सांगतील?

दिशा रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः त्याच्याबरोबर वाडी चढली आणि म्हणाली, काल जिथे चहा प्यायलात त्या घरी आधी जाऊ.

ते घर रंभाबाईचं. सत्तरीची, मुलगा-सून दिवसभर कामाला, घरात ती एकटी. कैलासला तिनं लहानपणापासून पाहिलेलं. दोघं दारात दिसताच तिनं आतूनच आरोळी दिली, "कालच तर इचारून गेलास लेका, आज काय ऱ्हायलं?"

दिशा उंबऱ्याशी बसली आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न वाचू लागली. दिसायला त्रास होतो का? होतो की, डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं, उजव्यानं तेवढंही नाही. मग चालण्याचा प्रश्न आला. रंभाबाई हसली.

"चालायला? अगं पोरी, गेल्या गनपतीच्या आधीपासनं ह्या उंबऱ्याच्या भायेर पाय न्हाई टाकला मी. घरातल्या घरात बसून सरकते."

कैलास भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कालचा चहा आठवून पाहिला. कप त्याच्या हातात आला होता खरा, पण तो देताना रंभाबाई उभी होती का, हे काही त्याला आठवेना. मग ध्यानात आलं, कप खालून आला होता. ती चुलीपासून दारापर्यंत एका हातावर भार देत सरकत आली होती, आणि हा गडी तोंडाचा पट्टा चालू ठेवून वरच्या डोंगराकडे बघत चहा प्यायला होता.

"मग काल न्हाई का म्हनलीस, मावशे?" त्यानं विचारलं.

"तू अपंग हाय का इचारलंस," रंभाबाई म्हणाली. "मी कुटं अपंग हाय? मी म्हातारी हाय."

वाडी उतरून खाली आल्यावर कैलासनं दिशाकडून फोन घेतला आणि कालची सगळी घरं पुन्हा करतो म्हणाला. त्या दिवसापासून तो प्रश्न वाचू लागला तो अगदी शाळेतल्या पोरासारखा, एकही शब्द न गाळता. लोक चिडायचे, हसायचे, पण उत्तरं द्यायचे, आणि ती उत्तरं ऐकून कैलासची झोप उडायची. एका घरात मालकानं बायकोबद्दल ठणकावून सांगितलं की तिला कसलाही त्रास नाही, आणि बायको आतून पुढे येऊन म्हणाली की तुम्हाला काय माहीत. तिच्या खांद्यातून वर्षभर हात वर जात नव्हता, डोक्यावरून पदर घ्यायलाही तिला मुलीची मदत लागायची. हिंजवडीच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावरच्या एका साहेबानं दार अर्धवट उघडून हिंदीत सांगितलं की सगळे ठीक आहेत. कैलासनं तरीही दारातच सहाही प्रश्न वाचले. लक्षात राहण्याचा प्रश्न आला तेव्हा त्या माणसानं दार पूर्ण उघडलं आणि वडिलांबद्दल बोलायला सुरुवात केली. दोनदा खाली उतरून हरवले होते ते. लिफ्टमधून उतरताना कैलास म्हणाला की ह्या इमारतीत राहणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं नेलं-आणलं, आणि ह्यांना म्हातारे आईबाप असतात हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्याला काम आवडू लागलं होतं. एकच खोट निघत होती. त्याच्या फोनवरची उत्तरं अधूनमधून विचित्र असायची. दिशाला शंका आली म्हणून पौडच्या बाजारपेठेत ती त्याच्याशेजारी येऊन बसली.

घर हसिनाचं होतं. नवरा हाफीज, त्याचं चपलांचं दुकान खाली, आणि वरच्या खोलीत हसिना आणि मुलगी शबनूर ब्लाउज शिवायच्या. शबनूर बावीस वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. पुण्याच्या मूकबधिर शाळेत काही वर्षं शिकून आलेली, हातांनी बोलणारी. कैलास प्रश्न वाचत होता आणि हसिना मशीनवरून मान न उचलता, हळू आवाजात उत्तरं देत होती. हाफीजला दिसायला त्रास होतो का, यावर ती म्हणाली, "थोडाफार." कैलासनं 'बराच' वर बोट ठेवलं. दिशानं ते दुरुस्त केलं. पुढच्या प्रश्नाला हसिना 'नाही' म्हणाली आणि कैलास तसाच तिच्या तोंडाकडे बघत थांबला, जणू ती अजून काही बोललीच नव्हती.

खिडकीपाशी काजं करत बसलेली शबनूर हे बराच वेळ निरखत होती. तिनं आईचा खांदा हलवला, हातांनी भराभर काहीतरी सांगितलं आणि हसली. हसिनानं तिला डोळ्यांनी दटावलं. दिशानं विचारलं, काय म्हणते? काही नाही, पोरगी उगाच चेष्टा करते, असं म्हणून हसिनानं टाळलं. पण कैलासनंच आग्रह धरला. त्याला चेष्टा आवडायची.

हसिनानं मशीन थांबवलं. "राग मानू नका, कैलासभाऊ. ती म्हणते, हे काका माझ्यासारखेच आहेत. माणसाच्या डोळ्यांकडं बघत नाहीत, ओठांकडं बघतात. अम्मी मशीनकडं मान वळवून बोलली की त्यांना काही कळत नाही."

कैलास खो खो हसला. म्हणाला, आमी ड्रायव्हर मानसं, आमाला समोर बघायची सवय. उरलेले प्रश्न त्यानं पुरे केले, चहा घेतला, जिना उतरला. पण पौडपासून मालेपर्यंत जीपमध्ये तो एक शब्द बोलला नाही. दिशा त्याला ओळखू लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याला हिंजवडीचा चौक आठवत होता. संध्याकाळची वेळ, बस भरलेली, आणि तो डावीकडे वळत होता. डाव्या बाजूला मोटारसायकलवर एक मुलगा होता. तो हॉर्नवर हॉर्न देत होता, बसमधली माणसं ओरडत होती, आणि कैलासला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मागच्या सीटवरून एक मुलगी धावत आली आणि तिनं त्याच्या खांद्यावर फाडकन हात मारला, तेव्हा त्यानं ब्रेक दाबला. कुणाला काही झालं नाही. मोटारसायकलचा आरसा मोडला, चार शिव्या खाल्ल्या, विषय मिटला. पण त्याच आठवड्यात त्यानं बसच्या किल्ल्या परत दिल्या. ट्रॅफिकचं कारण त्यानं सगळ्यांना सांगितलं, लीलाबाईलासुद्धा. पुढे पुढे ते त्याचं त्यालाही खरं वाटू लागलं होतं. मालेच्या रस्त्यावर गाड्या तुरळक, तिथे कानावाचून त्याचं भागत होतं.

दोन दिवस तो कामाला आला, पण धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी मालेतलीच घरं निघाली, आणि दर दहाच्या हिशोबानं एक घर आलं ते नेमकं कैलासचं. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही असा नियम. म्हणून दिशा आली. कैलास म्हणाला, त्या घरचं मी तोंडी सांगतो, कशाला त्रास घेता. दिशानं ऐकलं नाही.

लीलाबाई अंगानं किरकोळ, बोलायला मोजकी. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि कैलास तिच्याकडे पाठ करून, दिशासमोर मांडी घालून बसला होता. दिसण्याचं झालं. मग दिशानं त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, दुसरा प्रश्न वाचला आणि चारही उत्तरं वाचली.

कैलासनं छताकडे बघितलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "थोडा लिवा," तो म्हणाला. त्याच्या हिशोबानं त्यानं फार मोठी गोष्ट कबूल केली होती.

मागून लीलाबाई काहीतरी बोलली. दिशाची नजर तिच्याकडे गेली, आणि दिशाच्या नजरेवरून कैलासला कळलं की आपल्या पाठीमागे काहीतरी बोललं गेलंय.

"काय म्हनली ती?" त्यानं विचारलं.

दिशा म्हणाली, त्यांनाच विचारा.

लीलाबाईनं तवा उतरवला, हात पुसले आणि त्याच्या समोर येऊन बसली. तिनं आवाज चढवला नाही. त्याला ओठ दिसतील अशी बसून ती सावकाश बोलली. "मी म्हनलं, थोडा न्हाई. कवापासनं मी तुमच्याशी निसतं कामाचं बोलतीया. म्हस सुटली, गॅस संपला, पावनं आलं, एवडंच. बाकीचं सांगायचं मी सोडून दिलं. चिमनीनं वळचनीला घर केलंय, हे काय वराडून सांगायची गोष्ट हाय व्हय?"

घरात आपण एवढं बोलतो, आणि ही काहीच बोलत नाही, असा कैलासचा आजवरचा समज होता. ती तशीच आहे, मितभाषी, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. लग्न झालं तेव्हा ही बाई किती बोलायची, हे त्याला आता आठवलं. दळताना, धुताना, म्हशीला पाणी पाजताना तिची बडबड चालूच असायची. ती कधी थांबली, हे त्याला सांगता आलं नसतं.

"बराच लिवा, ताई," तो दिशाला म्हणाला. मग चौकातला प्रसंग दोघींना सांगून टाकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लीलाबाईला राग आला तो अपघाताचा नाही, एवढे दिवस एकट्यानं उरात घेऊन फिरल्याचा. तो तिनं बोलूनही दाखवला, आणि त्यासाठी मात्र आवाज भरपूर चढवला.

वातावरण हलकं करायला कैलासनं विचारलं की म्हणजे आता माझीही गणती झाली का त्यात. दिशा म्हणाली, झाली, आणि दर दहातलं एक घर घेतो म्हणजे तुमचं घर आणखी नऊ घरांच्या वतीनं बोलतं. कैलासनं थोडा विचार केला. "मंजी माझ्यामागं आनखी नऊजन बसल्यात तर. बसच झाली की पुन्ना."

महिन्याचे दोन झाले, पण काम पुरं झालं. पौडला सरकारी अधिकाऱ्यांपुढे सभा भरली तेव्हा दिशाच्या मांडणीतला आकडा दाखल्यांच्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. तिथले मुख्य अधिकारी शहाणे गृहस्थ होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पण फुगवलेला नाही ना, असं विचारायचं ते विचारलंच. जरा गुडघा दुखतो, जरा कमी दिसतं, असे सगळे धरले की वाढणारच. दिशानं समजावलं की 'थोडा' म्हणणारा एकही माणूस त्यात धरलेला नाही, फक्त 'बराच' आणि 'जमतच नाही' म्हणणारे धरलेत. शिवाय हा अंदाज आहे, थोडा इकडे-तिकडे होऊ शकतो, हेही तिनं सांगितलं. मग त्यांनी ऐकण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. हे एवढे कसे? आमच्याकडे तर कानाची तक्रार घेऊन कुणी येतच नाही.

कैलास दाराशी, साहेबांचं तोंड समोर दिसेल असा उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "सायेब, मीच दोन वर्सं आलो न्हाई. आन इचारल्यावर बी आदी न्हाईच म्हनलो हुतो."

अधिकारी हसले आणि त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. तासभर चर्चा झाली. मागितलं ते सगळं मिळालं असं नाही. वाड्यांवरच्या पायवाटांचं काम पुढच्या वर्षावर गेलं, आणि बोलणं शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा मंजूर झाली नाही. पण पौडला एकच मोठं केंद्र काढायचं ठरत आलं होतं, ते बदललं. केंद्र लहान झालं आणि त्याऐवजी गावोगाव थांबणारी तपासणीची गाडी आली. तिच्यात कान तपासणारा माणूसही आला, जो आधीच्या आराखड्यात नव्हताच. गाडीवर ऐकू न येणाऱ्यांशी हातांनी बोलणारं कुणीतरी लागणार म्हणून शबनूरला विचारलं. ती हो म्हणाली, पण शिवणाचं काम सोबत आणणार या अटीवर.

कैलासला पौडच्या केंद्रातून कानात घालायचं मशीन मिळालं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. ते लावून तो जीपमध्ये बसला, किल्ली फिरवली आणि घाबरून लगेच बंद केली. त्याला वाटलं इंजिन फुटलं. लीलाबाई म्हणाली, गेली कित्येक वर्षं ती असाच खडखडाट करते. मग सांगितलं का नाही कुणी, असं त्यानं विचारलं. सगळ्या गावानं सांगितलं होतं. पुढचे चार दिवस त्यानं जीप खोलून नट आवळण्यात घालवले. आणि त्या चार दिवसांत लीलाबाई पायरीवर बसून त्याच्याशी बोलत होती. कधी शेजारणीच्या सुनेबद्दल, कधी आंब्याच्या मोहोराबद्दल, कधी कशाबद्दलच नाही. कैलास पान्हा हातात धरून ऐकत राहायचा. मशीनमध्ये वारा शिरला की करकर व्हायची, मग तो मान वाकडी करून म्हणायचा, पुन्ना सांग.

तपासणीची गाडी मालेत पहिल्यांदा आली तेव्हा रंभाबाईला खाली आणायचं काम कैलासनं अंगावर घेतलं. मुलानं आणि पुतण्यांनी तिला खुर्चीत बसवून पायवाटेनं जीपपर्यंत उतरवलं. वाटभर ती त्यांना दम देत होती की पाडाल तर बघा. डोळे तपासले, मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रियेची तारीख ठरली. पायांना व्यायाम दाखवले आणि चार पायांचा वॉकर तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो आधी हलवून बघितला, म्हैस विकत घेताना बघावी तसा. मग दोन्ही हातांनी धरून उठली. एक पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं.

समाजमंदिरापुढे सिमेंटचा सपाट रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला दुकानं. रंभाबाई त्या रस्त्याला लागली ती दर दोन-चार पावलांनी थांबत किराणा दुकानाच्या फळीपर्यंत गेली. तिथे तिनं मिश्री मागितली, डबी नाकाशी धरून वास घेतला आणि ही नको, दुसरी दाखव म्हणाली. एवढे दिवस सून आणेल ती मिश्री ती मुकाट्यानं लावत होती. दुकानदारानं तीन डब्या काढल्या. एक पसंत पडली.

ऊन चढू लागलं होतं. कैलासनं जीप वळवून दुकानासमोर आणली आणि दार उघडून धरलं. रंभाबाईनं एकदा जीपकडे बघितलं, एकदा पुढच्या रस्त्याकडे.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्या पल्याडल्या दुकानात पातळं लावल्यात वाटतं. धुरकट दिसतंय, पर लाल रंग कळतोय."

आणि वॉकर पुढे सरकवत ती तिकडे निघाली. कैलासनं दार लावून घेतलं आणि सावली बघून जीप उभी केली.